जैवविद्युत् संरोध व शरीरघटकांचे मापन

जैवविद्युत् संरोधमापन : जिवंत शरीरातून अत्यंत दुर्बल असा प्रत्यावर्ती (ठराविक काळाने दिशा उलट होणारा) विद्युत् प्रवाह जाऊ देऊन त्याला शरीराकडून होणारा एकूण विरोध म्हणजे संरोध मोजणे व त्यावरून शरीरातील पाणी, वसारहित भाग आणि वसा (चरबी) यांचे प्रमाण अनुमानाने ठरविणे, या पद्धतीस ही संज्ञा आहे. रुग्णालये, आहारतज्ञांची चिकित्सालये, व्यायामशाळा आणि अलीकडे घरगुती वजनकाटे यांत ती वापरली जाते. काट्यावर उभे राहताच काही सेकंदांत वसेचे शेकडा प्रमाण दशांश चिन्हासह दिसते. एवढा रेखीव आकडा पाहून उपकरणाने वसा मोजली, असा समज होणे साहजिक आहे. वस्तुतः उपकरण विद्युत् प्रवाहाला झालेला विरोध तेवढा मोजते. त्यापुढील सर्व काही अनुमान होय. हे अनुमान कोणत्या पायऱ्यांनी बांधले गेले, कोणाच्या शरीरांवर पारखले गेले आणि कोठे लटके पडते, हे समजण्यासाठी या पद्धतीचा इतिहास पाहावा लागतो.

पद्धतीमागील तत्त्व साधे आहे. शरीरातील पाण्यात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड इत्यादींचे आयन (विद्युत् भारित अणू वा अणुगट) विरघळलेले असल्याने रक्त, स्नायू व अन्य पाणीदार ऊतके (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचे समूह) विद्युत् प्रवाह चांगला वाहून नेतात. वसाऊतकात पाणी थोडे असल्याने त्याचा विरोध कितीतरी पट अधिक असतो. सर्वत्र सारख्या जाडीच्या दंडगोलाकार संवाहकाचा रोध त्याच्या लांबीच्या सम प्रमाणात आणि छेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्यावरून दंडगोलाचे घनफळ हे लांबीच्या वर्गाला रोधाने भागून येणाऱ्या राशीच्या सम प्रमाणात असते, असे निघते. मनुष्यदेह असा एक दंडगोल मानला व लांबीऐवजी उंची घेतली, तर उंचीच्या वर्गाला रोधाने भागल्यास शरीरातील पाण्याचा अंदाज मिळावा. मनुष्य दंडगोल नाही, हे पद्धतीच्या प्रवर्तकांनाही अर्थातच ठाऊक होते.

या पद्धतीचा उगम वसेच्या शोधात नसून कोशिकेच्या शोधात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी कोशिकेभोवती पटल असते की नाही, यावरच शरीरक्रियावैज्ञानिकांत वाद होता. कारण त्या काळच्या कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून ते दिसत नव्हते. जर्मनीतील कील येथील रूडोल्फ ह्योबर यांनी १९१० ते १९१३ या काळात दाट केलेल्या तांबड्या रक्तकोशिकांतून निरनिराळ्या कंप्रतेचे (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येचे) प्रवाह पाठविले. कमी कंप्रतेला या कोशिका जवळजवळ निरोधकासारख्या वागत. कंप्रता फार वाढविली की मात्र त्याच कोशिका सौम्य मिठाच्या पाण्यासारख्या विद्युत् संवाहक होत. याचा अर्थ एवढाच होऊ शकत होता की, कोशिकेच्या आत आयनयुक्त द्रव आहे आणि त्याभोवती प्रवाह अडविणारे अतिशय पातळ वेष्टन आहे. असे वेष्टन विद्युत् धारित्राप्रमाणे (विद्युत् भार साठविणाऱ्या साधनाप्रमाणे) वागते. मंद आवर्तनांना ते अडविते व जलद आवर्तनांना वाट देते. ज्यू वंशाच्या ह्योबर यांना १९३३ मध्ये नाझी राजवटीमुळे कील सोडावे लागले आणि पुढील संशोधन त्यांनी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे केले.

ह्योबर यांच्या निष्कर्षाला संख्यात्मक रूप दिले ते डेन्मार्कमध्ये जन्मलेले व अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे काम करणारे भौतिकीविज्ञ ह्यूगो फ्रिक यांनी. १९२५ मध्ये त्यांनी तांबड्या रक्तकोशिकांच्या पटलाची धारकता (भार साठविण्याची क्षमता) दर चौ. सेंमी.ला ०·८१ मायक्रोफॅराड असल्याचे दाखविले. पटल वसामय द्रव्याचे आहे असे गृहीत धरून त्यांनी त्याची जाडी ३३ अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरच्या सु. तीन लाखांशाइतकी काढली. त्याच वर्षी नेदर्लंड्समधील ई. गोर्टर व एफ्. ग्रेंडेल यांनी रासायनिक मार्गाने पटल लिपिडांच्या दुहेरी थराचे असावे, असे मत मांडले. आज पटलाच्या वसामय गाभ्याची मान्य झालेली जाडी फ्रिक यांच्या आकड्याच्या अगदी जवळ आहे. न दिसणाऱ्या वस्तूची जाडी तारा, ताणलेले सेतुमंडल आणि चोख गणित यांच्या बळावर सांगणारा हा प्रयोग जीवभौतिकीतील उत्कृष्ट प्रयोगांपैकी एक मानावा लागेल. फ्रिक यांनी येथे काही गृहीत धरले होते हे खरे. पण ते कोणते हे त्यांनी स्पष्ट सांगितले होते.

पुढील काम केनेथ कोल यांचे आहे. त्यांनी १९२८ पासून सागरी अर्चिनची अंडी व नंतर स्क्विड या प्राण्याचा महाकाय तंत्रिका तंतू यांचा संरोध मोजला. १९३९ मध्ये कोल व एच्. जे. कर्टिस यांनी तंत्रिका तंतूतून आवेग जात असताना पटलाचा रोध एकदम घसरतो, पण धारकता जवळजवळ कायम राहते, हे दाखविले. तंत्रिका आवेगाच्या आधुनिक उपपत्तीचा हा एक पाया होय. संरोधातील शुद्ध रोधाचा भाग एका अक्षावर व धारकतेमुळे येणारा भाग दुसऱ्या अक्षावर मांडून कंप्रता बदलत नेली असता वर्तुळखंड मिळतो, हे कोल यांनीच प्रचारात आणले. १९४१ मध्ये त्यांनी बंधू रॉबर्ट कोल यांच्यासह लिहिलेला निबंध अपारक द्रव्यांच्या अभ्यासात आजही आधारभूत मानला जातो. १९५० नंतर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील हेर्मान श्वान यांनी निरनिराळ्या ऊतकांचे विद्युत् गुणधर्म कंप्रतेच्या विस्तृत पल्ल्यात मोजून ठेवले. संपूर्ण देहावरील मापनाला लागणारी सर्व भौतिकी अशा प्रकारे १९६० पूर्वीच उपलब्ध झाली होती. दरम्यान अमेरिकन वैद्य यान नायबोर यांनी हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक अवयवात येणाऱ्या रक्ताने संरोधात होणारा सूक्ष्म बदल नोंदविण्याची रीत १९४० पासून विकसित केली. या शाखेत भारतातही उल्लेखनीय काम झाले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात संरोधावर आधारित रक्तप्रवाहमापक उपकरणे तयार करण्यात आली आणि १९९० च्या सुमारास मुंबईतील वैद्यांच्या सहकार्याने हातापायांच्या रोहिण्यांतील अडथळे ओळखण्यासाठी त्यांचा उपयोग करण्यात आला.

वसा मोजण्याचा प्रश्न याहून वेगळ्या दिशेने पुढे आला. बेल्जियन सांख्यिकीविज्ञ आदॉल्फ केतले यांनी १८३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रौढांचे वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे दाखविले होते. या गुणोत्तरालाच १९७२ मध्ये अँसेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीर वस्तुमान निर्देशांक हे नाव दिले. परंतु वजन वसेचे की स्नायूचे, हे यावरून कळत नाही. अमेरिकी नौदलातील वैद्य अल्बर्ट बेन्के यांना हा प्रश्न पाणबुड्यांच्या संदर्भात पडला. खोल पाण्यातील दाबाखाली नायट्रोजन वायू पाण्यापेक्षा वसेत सु. पाचपट विरघळत असल्याने पाणबुड्या वर येताना त्याची वसा हा त्याच्या जिवाचा प्रश्न होतो. बेन्के यांनी आर्किमिडीजच्या तत्त्वाचा आधार घेऊन माणसाला हवेत व पूर्णपणे पाण्याखाली तोलले आणि त्याच्या शरीराची घनता काढली. वसेची घनता इतर ऊतकांपेक्षा कमी असल्याने एकूण घनता जितकी कमी तितकी वसा जास्त. १९४२ मध्ये त्यांनी व डब्ल्यू. सी. वेल्हॅम यांनी २५ व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलपटू तपासले. उंची–वजनाच्या तत्कालीन कोष्टकांनुसार त्यांपैकी १७ जण अतिवजनामुळे सैनिकी सेवेस अपात्र ठरले असते. प्रत्यक्षात त्यांची घनता अधिक व वसा अल्प होती. कोष्टक आणि माणूस यांतील तफावत इतक्या ठसठशीतपणे क्वचितच दिसली असेल.

घनतेवरून वसेचे प्रमाण काढण्याचे सर्वांत प्रचलित सूत्र कॅलिफोर्नियातील जीवभौतिकीविज्ञ विल्यम सीरी यांचे आहे. (हेच सीरी गिर्यारोहक म्हणूनही प्रसिद्ध होते व १९६३ च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेचे ते उपनेते होते.) ४९५ ला घनतेने भागावे व ४५० वजा करावे, म्हणजे वसेचे शेकडा प्रमाण मिळते. यात शुद्ध वसेची घनता ०·९० व वसारहित भागाची १·१० ग्रॅ. दर घ. सेंमी. धरली आहे. पाण्यावरून जाणारा दुसरा मार्गही होता. गेओर्क हेवेशी व ई. होफर यांनी १९३४ मध्ये जड पाणी पिऊन ते शरीरात किती विरळ होते यावरून शरीरातील एकूण पाणी मोजता येते, हे दाखविले. १९४५ मध्ये एन्. पेस व ई. एन्. रॅथबन यांनी गिनीपिगांच्या विश्लेषणावरून वसारहित वस्तुमानात पाण्याचे प्रमाण ७३·२ टक्के असे जवळजवळ स्थिर असते, असे मांडले. पाणी ०·७३२ ने भागले की वसारहित वस्तुमान आणि ते वजनातून वजा केले की वसा, असा हा हिशेब होय.

या दोन्ही मार्गांच्या मुळाशी असलेले मानवी पुरावे किती तुटपुंजे होते, हे सहसा सांगितले जात नाही. जिवंत माणसाची सर्व वसा काढून तोलता येत नाही. प्रौढ मानवी शवांचे संपूर्ण रासायनिक विश्लेषण १९४५ नंतरच्या काही वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा झाले. वसारहित भागाची घनता सर्वांत सारखी असते हे गृहीत बरीच वर्षे तसेच चालू राहिले. १९७९ नंतर ब्रूसेल्स येथे २५ शवांचे विच्छेदन करून त्वचा, वसाऊतक, स्नायू व हाडे वेगवेगळी तोलण्यात आली, तेव्हा स्नायू व हाडे यांचे परस्पर प्रमाण माणसामाणसांत लक्षणीय बदलते, असे आढळले. ज्या मापाशी विद्युत् संरोधाची तुलना पुढे होणार होती, ते मापच असे थोडेफार सैल होते.

संरोध व शरीरातील पाणी यांची सांगड प्रथम घातली ती फ्रान्समधील आंद्रे तोमासे यांनी. १९६२ मध्ये त्यांनी त्वचेखाली सुया टोचून दोन विद्युत् अग्रांमधील संरोध मोजला व त्याचा शरीरातील पाण्याशी संबंध लावला. सुया टोचण्याचे कारण असे की, कोरड्या त्वचेचा रोध इतका मोठा असतो की त्यापुढे आतील देहाचा काही शे ओहमचा रोध झाकून जातो. १९६९ मध्ये अमेरिकेत ई. सी. हॉफर, सी. के. मेडोर व डी. सी. सिम्प्सन यांनी सुयांऐवजी त्वचेवर चार विद्युत् अग्रे लावली. बाहेरच्या जोडीतून प्रवाह सोडायचा व आतल्या जोडीवर केवळ विद्युत् दाब मोजायचा. मापन करणाऱ्या अग्रांतून प्रवाह जवळजवळ जातच नसल्याने त्वचेच्या रोधाचा अडसर दूर होतो. उंचीचा वर्ग भागिले संरोध या राशीचा किरणोत्सर्गी पाण्याने मोजलेल्या शरीरजलाशी त्यांना मिळालेला सहसंबंध गुणांक ०·९ हून अधिक होता. रक्त न काढता, किरण न वापरता व काही मिनिटांत एवढी माहिती मिळणे ही वैद्यकात मोठीच सोय होती. तरीही हा निबंध जवळजवळ पंधरा वर्षे फारसा कोणाच्या उपयोगी पडला नाही. कारण तयार उपकरण बाजारात नव्हते.

ते १९८० च्या सुमारास आले. ८०० मायक्रोअँपिअर प्रवाह व ५० किलोहर्ट्झ कंप्रता ही त्याची वैशिष्ट्ये पुढे जवळजवळ प्रमाण ठरली. या कंप्रतेला असा प्रवाह शरीराला जाणवत नाही. १९८५ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या ग्रँड फॉर्क्स (नॉर्थ डकोटा) येथील पोषण संशोधन केंद्रात हेन्री लुकास्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३७ निरोगी पुरुषांवर हे उपकरण वापरले आणि त्याच पुरुषांना पाण्याखाली तोलून मिळालेल्या वसारहित वस्तुमानाशी तुलना केली. मेळ फारच चांगला बसला. त्यांच्या समीकरणानुसार सेंटिमीटरमधील उंचीच्या वर्गाला रोधाने भागावे, त्याला ०·८५ ने गुणावे आणि ३·०४ मिळवावे, म्हणजे किलोग्रॅममध्ये वसारहित वस्तुमान मिळते. उदाहरणार्थ, १७० सेंमी. उंची, ६८ किग्रॅ. वजन व ५०० ओहम रोध असलेल्या पुरुषाचे वसारहित वस्तुमान ५२·२ किग्रॅ. येते, उरलेले १५·८ किग्रॅ., म्हणजे सु. २३·३ टक्के, ही वसा. आता याच पुरुषाचा रोध काही कारणाने ५०० ऐवजी ५१० ओहम आला, तर वसा २४·७ टक्के होते. रोधातील हा दोन टक्क्यांचा फरक विद्युत् अग्र एक सेंटिमीटर इकडे-तिकडे लागल्यानेही पडू शकतो. त्या पुरुषाच्या अंगी एक किलोग्रॅम वसा वाढलेली नसते. अग्र सरकलेले असते.

म्हणूनच मापनापूर्वी काही तास अन्न व मद्य घेऊ नये, नुकताच व्यायाम केलेला नसावा, मूत्राशय रिकामा असावा, पाच-दहा मिनिटे उताणे पडून हात धडापासून व पाय एकमेकांपासून दूर ठेवावेत, असे नियम घालून दिलेले आहेत. उभे राहिल्यावर द्रव पायांकडे उतरतो, त्वचा तापल्यावर रक्तप्रवाह बदलतो आणि या प्रत्येकाचा परिणाम आकड्यावर होतो. व्यायामशाळेत घाम गाळून लगेच काट्यावर चढणारा मनुष्य यांतील बहुतेक नियम मोडतो.

याहून मूलगामी अडचण देहाच्या आकाराची आहे. मनगटापासून घोट्यापर्यंत वाहणारा प्रवाह तीन दंडगोलांतून जातो : बारीक व लांब हात, जाड पण लांब पाय आणि आखूड व रुंद धड. विरोध छेदाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने एकूण विरोधाचा फार मोठा भाग हात व पाय यांतच असतो. धडात शरीराच्या वस्तुमानाचा जवळजवळ अर्धा भाग सामावलेला असूनही एकूण रोधातील त्याचा वाटा सु. ५ ते १२ टक्केच भरतो. एका हाताचे वजन देहाच्या सु. चार टक्के, पण रोधातील त्याचा वाटा जवळजवळ निम्मा. के. आर. फॉस्टर व लुकास्की यांनी १९९६ मध्ये संपूर्ण देहाचा संरोध नेमके काय मोजतो, असा प्रश्न निबंधाच्या शीर्षकातच विचारला होता. त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, तो मुख्यतः हात-पाय मोजतो. यकृताच्या विकाराने पोटात कित्येक लिटर पाणी साचलेल्या रुग्णाचे ते पाणी काढून टाकले, तरी संपूर्ण देहाच्या रोधात फारच थोडा बदल दिसतो. पोटातील वसेबाबतही हेच खरे आहे आणि मधुमेह व हृदयविकार यांच्याशी अधिक निकटचा संबंध नेमका त्याच वसेचा आहे.

सांख्यिकीय समाश्रयणाने (एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याच्या रीतीने) या त्रुटी झाकण्याचा प्रयत्न झाला. वजन, वय व लिंग समीकरणात घातले की मेळ सुधारतो. मात्र तसे केल्यावर उत्तरातील किती भाग विद्युत् मापनाचा आणि किती नुसत्या वजन-वयाचा, हे सांगणे अवघड होते. १९८५ नंतर दहा वर्षांत अशी समीकरणे ठिकठिकाणच्या गटांवर तयार झाली. एकाच व्यक्तीला ती वेगवेगळी उत्तरे देत. डिसेंबर १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी भरविलेल्या परिषदेने या पद्धतीने शरीरातील पाण्याचा उपयुक्त अंदाज मिळतो, हे मान्य केले. परंतु मापनाचे प्रमाणीकरण नाही आणि एका लोकसमूहावर बेतलेले समीकरण दुसऱ्याला लावता येत नाही, हेही स्पष्ट केले. याच दशकात जपानमध्ये दोन्ही पाय ठेवून उभे राहण्याचे वसादर्शक वजनकाटे तयार झाले व जगभर पसरले. त्यांतील प्रवाह एका पायातून वर जाऊन ओटीपोटातून दुसऱ्या पायात उतरतो. छाती व हात त्याच्या वाटेत येतच नाहीत. समीकरण उत्पादकाच्या ताब्यात असते व बहुधा प्रसिद्ध केले जात नाही. फ्रिक यांच्या मापनातील गृहीते कोणालाही वाचता येत होती; या काट्यांतील गृहीते वाचता येत नाहीत, हा फरक लहान नव्हे.

लोकसमूह बदलला की समीकरण चुकते, याचे महत्त्व भारतीयांच्या बाबतीत विशेष आहे. पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच तुलना एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. दोघांचाही शरीर वस्तुमान निर्देशांक २२·३ होता. क्ष-किरण पद्धतीने मोजलेली वसा मात्र युडकिन यांची ९·१ टक्के व याज्ञिक यांची २१·२ टक्के निघाली. त्याआधी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत झालेल्या माता-पोषणाच्या अभ्यासात नवजात अर्भकांचे सरासरी वजन सु. २·७ किग्रॅ. आढळले, इंग्लंडमधील साउदॅम्टन येथील अर्भकांचे ते सु. ३·५ किग्रॅ. होते. पुण्याची अर्भके सर्व मापांत लहान होती. पण पाठीवरील त्वचेच्या चिमटीची, म्हणजे तेथील वसेची जाडी इतर मापांच्या मानाने फारच थोडी कमी होती. दिसण्यात कृश, पण वसेने भरलेल्या या शरीरप्रकाराचा आरंभ गर्भाशयातच होतो, असा याचा अर्थ लावला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ञ समितीनेही २००४ मध्ये आशियाई लोकांच्या बाबतीत निर्देशांकाच्या २३ व २७·५ या पायऱ्यांवरच सावध व्हावे, असे सुचविले.

अशा शरीराला पाश्चात्त्य पुरुषांवर बेतलेले संरोधाचे समीकरण लावले, तर काय होईल, हे वेगळे सांगावयास नको. हातापायांची लांबी व धडाची लांबी यांचे प्रमाण, स्नायूंची जाडी आणि वसेची धडावरील वाटणी यांपैकी एकही गोष्ट समीकरणाला अपेक्षित असते तशी नसते. सडपातळ दिसणाऱ्या व निर्देशांकही बेताचा असलेल्या माणसाला यंत्राने ‘वसा योग्य’ असा निर्वाळा दिला आणि त्यामुळे त्याने रक्तातील साखर तपासलीच नाही, तर या चुकीची किंमत त्याला पुढे द्यावी लागते. पुण्यातील याच संशोधकांनी ग्रामीण, झोपडपट्टीतील व शहरी मध्यमवर्गीय पुरुषांची वसा समस्थानिकयुक्त पाण्याच्या पद्धतीने मोजून तिच्याशी त्वचेची जाडी व संरोध यांची तुलना केली आणि २००५ मध्ये भारतीय पुरुषांसाठी स्वतंत्र समीकरणे मांडली. व्यायामशाळेतील किंवा घरातील काट्यात कोणते समीकरण भरले आहे, हे मात्र त्यावर उभ्या राहणाऱ्यास कळत नाही. कंबरेचा घेर मोजणारी साधी फीत याबाबतीत अधिक सरळ आहे. ती जे मोजते तेच सांगते.

याचा अर्थ पद्धत टाकाऊ आहे, असा नव्हे. वसेचा नाद सोडून ती आपल्या मूळ विषयाकडे, म्हणजे पाण्याकडे वळली, तेथे तिचे चीज झाले आहे. सु. ५ किलोहर्ट्झसारख्या कमी कंप्रतेचा प्रवाह बहुतांशी कोशिकांबाहेरील द्रवातून जातो, तर उच्च कंप्रतेचा प्रवाह पटले ओलांडून आतील द्रवातूनही जातो. निरनिराळ्या कंप्रता वापरून कोल यांचा वर्तुळखंड रेखाटला की दोन्ही पाण्यांचा वेगवेगळा अंदाज येतो. वृक्क (मूत्रपिंड) निकामी झालेल्या व आठवड्यातून दोन-तीन वेळा अपोहन (यंत्राद्वारे रक्तशुद्धी) करून घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात दोन अपोहनांच्या दरम्यान पाणी साचते. ते किती काढावे, म्हणजेच रुग्णाचे ‘शुष्क वजन’ कोणते, हे ठरविणे कठीण असते. पाणी कमी काढले तर हृदयावर ताण येतो व दम लागतो. जास्त काढले तर रक्तदाब कोसळतो व पेटके येतात. सूज, रक्तदाब व अनुभव यांच्या जोडीला संरोधाचा आकडा मिळाल्याने वैद्यास येथे आधार मिळतो. एकाच रुग्णाच्या, सारख्याच परिस्थितीत वारंवार घेतलेल्या मापनांतील बदल पाहावयाचा असल्याने समीकरणातील कायमच्या चुकीचा उपद्रवही कमी होतो.

समीकरण पूर्णपणे टाळणारी रीत इटलीतील पाद्‌व्हा येथील अंतोन्यो पिकोली यांनी १९९४ मध्ये सुचविली. रोध व धारकतेमुळे येणारा विरोध या दोन्हींना उंचीने भागून त्यांचा एक बिंदू आलेखावर मांडावयाचा आणि निरोगी लोकांचे बिंदू ज्या लंबवर्तुळात पडतात त्यात तो कोठे येतो, एवढेच पाहावयाचे. बिंदू लंबवर्तुळाच्या लांब अक्षाच्या दिशेने खाली सरकला तर शरीरात पाणी जास्त, वर सरकला तर कमी. या दोन विरोधांवरून निघणारा कलाकोन (विद्युत् दाब व प्रवाह यांच्या आवर्तनांतील अंतर दाखविणारा कोन) हाही थेट मोजलेल्या राशींवरून मिळतो. निरोगी प्रौढांत ५० किलोहर्ट्झला तो साधारणतः ५ ते ७ अंश असतो, वयाबरोबर उतरतो व पुरुषांत स्त्रियांपेक्षा किंचित अधिक असतो. यकृताचा सिऱ्होसिस, कर्करोग, एड्स व दीर्घकालीन वृक्कविकार यांच्या रुग्णांत कलाकोन कमी असणाऱ्यांचे आयुर्मान कमी आढळले आहे. कोशिकापटले किती व कितपत शाबूत आहेत याचे ते निदर्शक आहे, असे सामान्यतः मानले जाते. मात्र पटलांची अवस्था आणि कोशिकांबाहेर साचलेले पाणी या दोन्हींचा परिणाम त्यात मिसळलेला असतो. हृदयगतिनियंत्रक किंवा तत्सम विद्युत् साधन शरीरात बसविलेल्या व्यक्तींवर संरोधमापन सहसा करीत नाहीत. निरनिराळ्या उत्पादकांच्या उपकरणांवर मोजलेले कलाकोन परस्परांशी जुळतातच असे नाही; त्यामुळे एका रुग्णाची तपासणी शक्यतो एकाच उपकरणावर, त्याच बाजूच्या हातापायांवर व दिवसाच्या त्याच वेळी करतात.